घाटात एकशे दहा

"हाई गेज खरं बोलस का खोटं, तेवढं सांग माय. खोटं निंघनं ते गाडी घर ऱ्हाई. खरं निंघनं ते सुरत जाई."

रनाळ्याचे जिभाऊ माझ्या वर्कशॉपच्या पायरीवर उभे होते आणि मागे रस्त्याच्या कडेला त्यांची मोटरसायकल. विलायती, साडेतीनशे सीसी, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की लोक गाडीबद्दलच विचारत बसतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. जिभाऊ सत्तरी ओलांडलेले. शेती सांभाळून कृषी खात्यातली नोकरी पुरी केली. आमच्याकडे थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात, यांना अख्खं गाव म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

माझं काम कॅलिब्रेशनचं. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाले, साखर कारखान्यात नोकरी केली आणि आता नंदुरबारला स्वतःचं वर्कशॉप आहे. दुधाच्या चिलिंग सेंटरची थर्मामीटर, तेलगिरणीची प्रेशर गेज, दवाखान्यातले ऑटोक्लेव्ह, असं सगळं माझ्याकडे तपासायला येतं. लोकांना वाटतं कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती. तसं नाही. खरं तापमान किती आणि हे यंत्र किती सांगतं, एवढं बघायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. मी साक्षीदार आहे, डॉक्टर नाही. पण आपल्याकडे साक्षीदाराला पढवायची खोड फार. एकदा एका चिलिंग सेंटरचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, दोन डिग्रीच तर जास्त आहे. जरा ॲडजस्ट करा ना." मी म्हटलं, "करते. दूध ॲडजस्ट होईल का?" त्यानंतर त्यांनी मला चहाही विचारला नाही.

जिभाऊंची अडचण उलटी होती. लोक येतात ते आमचं यंत्र बरोबर आहे असं लिहून द्या म्हणत. यांना ते चूक, उगाच जास्त दाखवणारं निघायला हवं होतं.

झालं होतं असं. मूळ गाडीला ऑइल टेंपरेचरचं गेज नव्हतंच. हे जिभाऊंनी कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या कॉम्प्रेसरवरून काढून आणून बसवलेलं. जुन्या पद्धतीचं, कॅपिलरी गेज. म्हणजे तेलाच्या टाकीत पेन्सिलीएवढा एक बल्ब, त्याला जोडलेली केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला डायल. बल्ब तापला की आतला दाब वाढतो आणि काटा सरकतो. ना वायर, ना बॅटरी. फक्त एक पथ्य, नळी कापायची नाही की जोडायची नाही. छेद गेला की आतलं सगळं उडून जातं आणि गेज मेलं. जिभाऊंची नळी हँडलपर्यंत पोचेना. मग त्यांनी डायल बसवली सीटच्या डाव्या अंगाला, खाली. चालवणाऱ्याला ती दिसायची तर मान मोडावी लागेल, आणि जिभाऊंना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. पण मागे लुगडं सावरून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईच्या ती बरोबर गुडघ्यापाशी येते.

ती बाई म्हणजे सिंधूवैनी, जिभाऊंची बायको. महाशिवरात्रीची यात्रा सरली, गर्दी ओसरली की दोघं दरवर्षी या गाडीवरून तोरणमाळला जातात. लग्न झाल्यापासूनचा नेम. घाट लागला की जिभाऊ पुढून ओरडतात, "किती?" वैनी मागून आकडा सांगतात. एकशे दहा म्हणाल्या की गाडी कडेला लागते, तेल गार होईपर्यंत उभी राहते. हा जिभाऊंचा नियम. पूर्वी घाटात एखाद्या वेळी थांबावं लागे. गेली दोन-तीन वर्षं दर दुसऱ्या वळणाला एकशे दहा.

गावातल्या मेकॅनिकने सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, आणि खोललं की पार्ट मिळतीलच असं नाही. जिभाऊंनी ते मनाला लावून घेतलं. सुरतेला त्यांच्या ओळखीचे एक व्यापारी आहेत, त्यांना जुन्या गाड्यांचा शौक, बंगल्याखाली ओळीने उभ्या केल्यात. ते केव्हापासून मागे लागले होते. होळी झाली की टेम्पो घेऊन येणार होते. तिथे गाडीला रोज कापड लागेल, पण किक बसणार नाही.

"तापेल मानूसले आपण घाट चढावतस का?" जिभाऊ म्हणाले. "मंग गाडीले काबर चढाववाना?" मुलं म्हणत होती, आपल्या कारने जा की तोरणमाळला. हे सांगताना जिभाऊ बाहेर गाडीकडे बघत होते. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की गाडी गेली तर ते तोरणमाळला पुन्हा जाणार नाहीत.

त्यांनी आपल्या परीने गेज तपासलंही होतं. मागच्या खेपेला तोरणमाळवर चहावाल्याचा स्टोव्ह गाडीशेजारी आणवला, पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, चष्मा लावला आणि बल्ब आत सोडला. पाणी खळखळ उकळतंय आणि काटा शहाण्णववर. पाणी शंभरला उकळतं हे शाळेतलं पोरही सांगतं. म्हणजे गेज चार डिग्री कमी दाखवतं, म्हणजे वैनी एकशे दहा सांगतात तेव्हा खरे एकशे चौदा. या हिशोबाने जिभाऊंची झोप उडाली होती.

मी कपाळाला हात लावला. पाणी शंभरला उकळतं ते समुद्रकाठी. उंचावर हवेचा दाब कमी, तिथे ते लवकर उकळतं. तोरणमाळच्या उंचीवर पाणी शहाण्णवच्या आसपासच उकळायला हवं. म्हणजे त्या दिवशी गेजने खरं सांगितलं आणि जिभाऊंनी त्यालाच खोटं ठरवलं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, मग लगेच विचारात पडले. गेज खरं असणं त्यांच्या फायद्याचं नव्हतं.

मी गेज सोडवून टेबलावर घेतलं. माझ्याकडे ऑइल बाथ आहे. ऑइल बाथ म्हणजे तेलाचं भांडं, आत हीटर आणि तेल ढवळत ठेवणारी छोटी मोटर, म्हणजे कोपऱ्यात गरम आणि मध्ये गार असं होत नाही. त्यात गेजचा बल्ब आणि शेजारी माझा मास्टर सोडायचा. मास्टर म्हणजे ज्याच्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवतो तो थर्मामीटर. तोही डोळे मिटून नाही, दरवर्षी मोठ्या लॅबला जाऊन परीक्षा देऊन येतो. तापमान टप्प्याटप्प्याने चढवायचं, दर टप्प्यावर तेल स्थिर होऊ द्यायचं, काचेवर बोटाने टिचकी मारून काटा कुठे अडकला नाही ना ते बघायचं. मग तसंच उतरवत आणायचं. काही काटे चढताना खरं बोलतात आणि उतरताना रेंगाळतात.

जिभाऊ स्टुलावर बसून सगळं बघत होते. दर टप्प्याला मी आकडा बोलले की त्यांचे खांदे थोडे खाली येत. गेज चांगलं निघालं. चांगलं कसलं, उत्तम. चढताना, उतरताना, कुठेही दोन डिग्रीपेक्षा जास्त फरक नाही. जिनिंगच्या भंगारातून आलेला माल, पण आताच्या कित्येक नव्या गेजना लाजवील असा. एरवी मी अशा वेळी खुशीत असते. त्या दिवशी मला मान वर करून बघवेना.

"म्हणजे इंजिनच तपस," जिभाऊ म्हणाले.

मी कामाचं बोलताना शुद्ध मराठीत शिरते, घरचे त्यावरून हसतात. तशीच शिरले. म्हटलं, जिभाऊ, घाई करू नका. टेबलावर खरं बोलणारं गेज गाडीवर खोटं बोलू शकतं. नळी जर सिलेंडरला चिकटून जात असेल तर ती मधेच तापते आणि काटा फुकट चढतो. आधी ते बघू. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय हे कळल्याशिवाय सुरतेला हो म्हणू नका. खरं सांगायचं तर मला फार आशा नव्हती. पण त्यांना तसंच परत पाठवणं माझ्याने होईना.

गेज पुन्हा गाडीवर चढवलं. टाकीच्या झाकणातून तापमान मोजणारा माझा एक बारीक प्रोब गेजच्या बल्बशेजारी सोडला आणि जिभाऊंना म्हटलं, खांडबाऱ्यापर्यंत जाऊन या. ते गेले आणि आले. मी धावत जाऊन दोन्ही आकडे बघितले. दोन्ही सारखे, ऐंशीच्याही खाली. नळीचा काही दोष नव्हता.

"एकटा व्हतू ना," जिभाऊ म्हणाले. "घाटमा तुन्ही वैनी मागे ऱ्हास, तव्हय तपस."

मग घाटातच बघायचं ठरलं. यात्रा होऊन गेलीच होती, त्यांची खेप व्हायची होती. येत्या रविवारी ते दोघं गाडीवर आणि मी माझ्या स्कूटरवर मागे. माझा नवरा म्हणाला, पन्नाशीत तुला हे सुचतंय. मी त्याला म्हटलं, कस्टमर सपोर्ट.

वैनींना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट भेटले. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. शहाद्याला चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना हौसेने सांगितलं की गेज एकदम बरोबर निघालं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बरोबर निंघनं का?" मला वाटलं त्यांनाही गाडी जाण्याचं दुःख झालं. तसं ते होतंच, पण मला वाटलं तेवढंच नव्हतं.

म्हसावद मागे पडलं. राणीपूरला घाटाच्या पायथ्याशी मी डायल बघून घेतली. अठ्ठ्याहत्तर. दोघं पुढे निघाली. दोन्ही अंगाला पळस फुलला होता. जुनी गाडी, दोन माणसं, खडा चढ, पण इंजिनचा आवाज मोकळा होता. तापलेल्या इंजिनचा आवाज दमेकऱ्यासारखा होतो, तसं काही नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी कडेला लागलेली दिसली. मिनिटभराने मी पोचले. जिभाऊ इंजिनपाशी उकिडवे बसून खांद्यावरच्या टॉवेलने त्याला वारा घालत होते. लेकराला घालावा तसा.

"एकशे दहा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी वाकून डायल बघितली. शहाऐंशी.

"उतरनं ना लगेच," वैनी म्हणाल्या आणि कठड्याकडे चालू लागल्या.

आता हे होत नाही. टाकीत दोन-अडीच लिटर तेल असतं. ते एवढं तापलं तर मिनिटात चोवीस डिग्री उतरत नाही. घरी पुऱ्या तळून झाल्यावर कढई खाली ठेवा आणि मिनिटभराने त्यात बोट घालून बघा. नको, घालू नका, माझ्यावर विश्वास ठेवा. मी काचेवर टिचकी मारली. काटा मोकळा होता. मग वाटलं, चालत्या गाडीवर काटा थरथरत असेल आणि वैनींना भलताच आकडा दिसत असेल. पुढच्या टप्प्यात स्कूटर जवळ ठेवायची ठरवली.

पुढे एक जरा सरळ पट्टा आला तिथे मी डावीकडून अगदी शेजारी गेले. डायल स्पष्ट दिसत होती. काटा थोडा हलत होता, पंच्याऐंशीच्या इकडेतिकडे. तेवढ्यात जिभाऊंनी पुढून विचारलं, "किती?"

वैनी दरीकडे बघत होत्या. डायलकडे त्यांनी मानही वळवली नाही. म्हणाल्या, "एकशे दहा."

गाडी कडेला लागली. जिभाऊ उतरले, टॉवेल घेऊन इंजिनपाशी बसले. वैनी कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे गेले. मला आधी राग आला होता. माझा रविवार गेला, ऑइल बाथचा दिवस गेला, म्हाताऱ्याची झोप गेली. पण जाऊन बघते तर त्या दोन्ही हातांनी गुडघा चोळत होत्या आणि डोळे खाली दरीत लागलेले. माझा राग कुठल्या कुठे गेला. 

मी शुद्ध मराठी सोडली. म्हटलं, "वैनी, गुडघा शे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लपवायचा प्रयत्न केला नाही.

"इंजिन तपनं म्हनं का ह्या लगेच थांबतस," त्या म्हणाल्या. "मन्हा गुडघा दुखस म्हनं ते म्हणतस, हाई काय, उनंच तोरणमाळ."

उनंच म्हणजे आलंच. मग हळूहळू सगळं सांगितलं. सुरुवातीला एकदाच म्हणाल्या होत्या, अगदीच कळ आली तेव्हा. गाडी झटक्यात थांबली. एवढं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पाच मिनिटं पाय सोडून उभं राहायला मिळालं, वारा लागला, खालचं रान बघायला मिळालं. वर्षातून हा एकच दिवस असा, की त्यांना कोणी हाक मारत नाही. मग दुसरं वळण झालं, तिसरं झालं. पुढे मेकॅनिक आला, सुरतेचं बोलणं निघालं, आणि आता खरं सांगावं तर दोन-तीन वर्षं खोटं बोलल्याचं कबूल करावं लागणार. त्यांच्या घरात नवऱ्याशी खोटं बोलणं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. गाडी गेली तर त्यांचाही तो एक दिवस जाणार होता. कारमध्ये मुलगा, सून, नातवंडं, डबे, सगळं घर बरोबर येणार.

"तूच लिखी दे ना माय," त्या म्हणाल्या. "गेज खराब शे म्हनीसन."

खरं सांगते, मोह झाला. एक ओळ लिहिली की सगळं मिटत होतं. गाडी राहिली असती, वैनींची लाज राहिली असती, जिभाऊंना झोप आली असती. पण मी अशी सही आजवर मॅनेजरसाठी केली नाही, ती वैनींसाठी कशी करू? आणि ते बिचारं गेज. तेवढं एकच तर इतकी वर्षं खरं बोलत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची. मी त्यांना सांगितलं, मी गेजवर आळ घेणार नाही आणि तुमच्यावरही घेणार नाही. मी जिभाऊंना एवढंच सांगेन की गेज चांगलं आहे आणि इंजिन चांगलं आहे. मधलं तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर होळीनंतर टेम्पो येईल.

 वैनींनी पदराने तोंड पुसलं आणि लंगडत गाडीकडे निघाल्या.

जिभाऊ अजून वारा घालत होते. आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "किती उतरनं?"

वैनी डायलपाशी वाकल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ती नीट बघितली असावी.

"उतरनं नही," त्या म्हणाल्या. "चढनंच नव्हतं."

टॉवेल थांबला.

"पंच्याऐंशी शे. तेवढंच ऱ्हास दरसाल. मन्हा गुडघा दुखस म्हनीसन मी एकशे दहा म्हणस."

जिभाऊंनी पिशवीतून चष्मा काढला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि उकिडवे बसून स्वतः आकडा वाचला. बराच वेळ वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे, जिभाऊ. दोन डिग्रीच्या आत." त्यांनी मान हलवली. मी त्यांचा राग गावात ऐकून होते, म्हणून जरा बाजूला सरकले. पण ते उठून कठड्यावर जाऊन बसले आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"काबर सांगं नही?" त्यांनी विचारलं.

"सांगं व्हतं," वैनी म्हणाल्या. "तुम्ही गाडीनं ऐकतस."

 जिभाऊ थोडे सरकले आणि कठड्यावर शेजारी जागा केली. वैनी बसल्या. मी स्कूटरचं काहीतरी बिघडल्यासारखं करून तिकडे बघत उभी राहिले. चांगला अर्धा तास आम्ही तिथेच होतो, आणि त्या वेळात तेल किती उतरलं हे कोणीही बघितलं नाही.

घाटात रेंज नव्हती. वर पोचल्यावर जिभाऊंनी पहिला फोन सुरतेला लावला. गाडी द्यायची नाही, तिला काही झालेलं नाही, म्हणाले. घरातलंच एक दुखणं निघालं आहे, ते आधी बघायचं आहे. फोन ठेवून मला विचारलं, नंदुरबारला हाडांचा डॉक्टर कोण चांगला. मी रिपोर्टात लिहिलं: गेज योग्य, वापरास हरकत नाही. इंजिनबद्दल लिहायचा मला अधिकार नाही, तरी तोंडी सांगितलं की अजून दहा वेळा घाट चढेल.

यंदाच्या खेपेलाही मी त्यांच्या मागे गेले. या वेळी काम काही नव्हतं, नुसती हौस. वैनींच्या गुडघ्याला पट्टा होता आणि मागच्या सीटवर जाड गादी. राणीपूर सोडून दोन वळणं झाली असतील.

"किती?" जिभाऊंनी विचारलं.

वैनींनी डायलकडे बघून सांगितलं, "ब्याऐंशी."

"भलतंच तपनं म्हणजे," जिभाऊ म्हणाले आणि गाडी कडेला घेतली.

आम्हाला शिकवतात की गेज जास्त दाखवत असेल तर आधी बल्ब बघा, मग नळी, मग काटा. मी आता त्याच्याही आधी विचारते, हे वाचतं कोण. आणि त्या माणसाला पहिली खुर्ची देते.